'पाऊस आला तर'चे इंग्रजी: 'इफ'पुढे कोणता काळ?

'इफ'च्या वाक्यात क्रियापदाचा काळ चुकला की परीक्षेत गुण जातात, मुलाखतीत जीभ अडखळते आणि व्यवहारात गैरसमज होतात. यातला बराचसा नियम मराठी माणूस रोज बोलतोच. एका ठिकाणी मात्र दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात आणि फसगत होते ती तिथेच.

"पाऊस आला तर तळावर चिखल होईल." वारीच्या दिवसांत नातेपुत्यात हे वाक्य कोणीही सहज बोलून जाईल. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि या जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. तेव्हा गावाचे अर्धे लक्ष वाटेकडे आणि अर्धे आभाळाकडे असते.

वाक्य साधे आहे, पण त्यातले 'आला' हे रूप भूतकाळाचे आहे आणि पाऊस तर अजून यायचा आहे. उद्याच्या पावसाला कालचे क्रियापद का लावले, असे कोणी विचारत नाही. उलट 'पाऊस येईल तर चिखल होईल' असे कोणी म्हटले, तर बोलणारा बाहेरगावचा वाटतो.

इंग्रजी हेच करते, फक्त रूप वेगळे निवडते. 'इफ इट रेन्स, द ग्राउंड विल गेट मडी.' पाऊस उद्याचा, क्रियापद वर्तमानकाळाचे. भविष्य दाखवणारे 'विल' फक्त परिणामाच्या अर्ध्या वाक्यात येते. मराठीने अटीसाठी भूतकाळाचे रूप उचलले, इंग्रजीने वर्तमानकाळाचे. भविष्यकाळाला मात्र दोघींनीही अटीच्या उंबऱ्याबाहेर उभे केले आहे.

मग 'इफ इट विल रेन' येते कुठून?

ही चूक इतकी सर्रास होते, की तिला काहीतरी कारण असणारच. एक कारण हिंदी. 'अगर बारिश होगी तो' हे हिंदीत चालणारे वाक्य आहे. तिथे अटीतही भविष्यकाळ खपतो. हिंदीच्या सवयीतून इंग्रजीत उतरताना 'होगी'चे 'विल' होते. दुसरे कारण मराठीतच आहे. 'तो आला की फोन कर' असे आपण म्हणतो, पण 'तो येईल तेव्हा फोन कर' असेही म्हणतो. या दुसऱ्या वाक्याचे शब्दाला शब्द इंग्रजी केले की 'व्हेन ही विल कम' तयार होते. इंग्रजीत 'व्हेन ही कम्स' हवे, कारण 'व्हेन', 'आफ्टर', 'अनटिल' यांनाही 'इफ'चाच नियम लागू आहे.

म्हणून भाषांतर करण्याआधी मराठी वाक्य बोलीत आणून पाहणे उपयोगी पडते. पारावर बसून आपण ते कसे बोललो असतो? 'जर पाऊस येईल' असे नाही, 'पाऊस आला तर' असेच. 'तर' किंवा 'की'च्या आधी 'आला, गेला, दिला, झाला' असे रूप येत असेल आणि गोष्ट पुढे घडायची असेल, तर इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ ठेवायचा. बहुतेक वाक्ये एवढ्यावर सुटतात.

सरकारी नोटिशीची मराठीही याच जातीची आहे. 'थकबाकी न भरल्यास पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल.' यातले 'भरल्यास' म्हणजे 'भरली तर'चेच कोट-टोपी घातलेले रूप. इंग्रजीत: 'इफ द ड्यूज आर नॉट पेड, द वॉटर सप्लाय विल बी डिस्कनेक्टेड.' इथेही अट वर्तमानकाळात आणि इशारा 'विल'मध्ये.

'दूध तापलं की उतू जातं' हे थोडे वेगळे. ही उद्याची शक्यता नसून नेहमीचा अनुभव आहे. मराठी इथे 'तर' सोडून बहुधा 'की' वापरते आणि परिणाम 'जातं' असा रीतिवाचक ठेवते. इंग्रजी दोन्हीकडे वर्तमानकाळ ठेवते: 'इफ यू हीट मिल्क, इट बॉइल्स ओव्हर.' एखाद्या वाक्यात 'तर'च्या जागी 'की' चपखल बसत असेल आणि बोलणे नेहमीच्या अनुभवाचे असेल, तर 'विल'ची गरज नाही.

पंतप्रधान झालो तर

आता कल्पनेकडे. मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाने 'मी पंतप्रधान झालो तर' किंवा 'परीक्षा नसत्या तर' असा एखादा निबंध लिहिलेला असतो. या दोन शीर्षकांकडे नीट पाहिले तर मराठीची गंमत कळते. परीक्षा आहेत, म्हणून 'नसत्या'. ही उघडउघड वास्तवाविरुद्धची गोष्ट आहे. पण पाचवीतल्या मुलाने पंतप्रधान होणे हीसुद्धा कल्पनाच. तिला मात्र मराठीने 'झालो तर' हे 'पाऊस आला तर'सारखेच उघडे रूप दिले. स्वप्न आहे, पण दार बंद नाही, असा त्यातला भाव.

इंग्रजी शाळेतल्या याच निबंधाचे शीर्षक असते 'इफ आय वेअर द प्राइम मिनिस्टर' आणि आत सगळीकडे 'आय वुड'. इथे मराठीवरून सरळ उतरवले तर 'इफ आय बिकम द प्राइम मिनिस्टर, आय विल...' असे होते. व्याकरणात ते चूक नाही. पण ऐकणाऱ्याला वाटते, की मुलगा निवडणूक लढवायला निघालाय.

'वेअर' आणि 'वुड' ही दिसायला भूतकाळाची रूपे. 'वुड' हे मुळात 'विल'चेच भूतकाळी रूप. पण इथे त्यांचा काल-परवाशी काही संबंध नाही. इंग्रजी भूतकाळाचे रूप दोन कामांसाठी वापरते: एक, गोष्ट मागे घडली हे सांगायला; दोन, गोष्ट वास्तवापासून लांब आहे हे सांगायला. 'इफ आय हॅड अ ट्रॅक्टर' याचा अर्थ 'माझ्याकडे ट्रॅक्टर होता' असा नसून 'आत्ता नाही, पण असता तर' असा आहे. हे अंतर लक्षात आले की काळांची अर्धी भीती जाते.

मराठीलाही हे अंतर ठाऊक आहे. 'तो रोज दुकानात असतो' आणि 'तो दुकानात असता तर' यांत 'असतो' व 'असता' एवढाच फरक. पण पहिल्यात तो आहे आणि दुसऱ्यात तो नाही. मराठी व्याकरणात या दुसऱ्या रूपाला संकेतार्थ म्हणतात. स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण पाठ करणाऱ्यांना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी तोंडपाठ असते. गंमत अशी, की तीच मुले इंग्रजीच्या तासाला 'इफ'ची वाक्ये नवीन संकट असल्यासारखी पाठ करतात. एका वहीतला धडा दुसऱ्या वहीत नेऊन पाहा, असे त्यांना फारसे कोणी सांगत नाही.

'आय'पुढे 'वॉज' की 'वेअर'? बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. 'वेअर' हे इंग्रजीतल्या जुन्या रूपाचे उरलेले अवशेष आहे. परीक्षेत, अर्जात आणि 'इफ आय वेअर यू' या ठरलेल्या प्रयोगात तेच ठेवावे.

एक मराठी वाक्य, दोन इंग्रजी वाक्ये

खरी अडचण इथून सुरू होते. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाच्या लागणीचे हंगाम सर्वांना माहीत आहेत. आडसाली लागण साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होते, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू हंगामाची त्यानंतर थंडीत. आता एक शेतकरी म्हणतो: "विहिरीला पाणी असतं तर आडसाली ऊस लावला असता."

हे वाक्य तो जूनमध्ये बोलला की सप्टेंबरमध्ये? मराठी वाक्यावरून कळत नाही. जूनमध्ये बोलला असेल तर लागणीची वेळ अजून गेलेली नाही. पाणी नाही म्हणून तो लावणार नाही, एवढेच. सप्टेंबरमध्ये बोलला असेल तर हंगाम निघून गेला आणि मागे राहिली ती हळहळ. मराठी दोन्हीकडे 'लावला असता' म्हणते आणि बाकीचे प्रसंगावर सोडते. ऐकणाराही त्याच शिवारातला असतो, त्यामुळे अडत नाही.

इंग्रजी मात्र अडवते. जूनमधले वाक्य: 'इफ द वेल हॅड वॉटर, वी वुड प्लांट केन.' सप्टेंबरमधले: 'इफ द वेल हॅड हॅड वॉटर, वी वुड हॅव प्लांटेड केन.' गोष्ट अजून हातात आहे की सुटून गेली, हे क्रियापदातूनच सांगावे लागते. मराठी माणूस 'वुड' आणि 'वुड हॅव' यांत गोंधळतो तो बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. त्याच्या भाषेने हा प्रश्न त्याला इतक्या काटेकोरपणे कधी विचारलेलाच नसतो.

म्हणून 'असता, असती, असते'चे वाक्य इंग्रजीत नेताना आधी स्वतःलाच विचारायचे: ही वेळ गेली का? गेली नसेल तर साधा भूतकाळ आणि 'वुड'. गेली असेल तर 'हॅड' लावून पूर्ण भूतकाळ आणि 'वुड हॅव'.

त्या 'हॅड हॅड'ला बिचकायचे कारण नाही. पहिले 'हॅड' वेळ गेल्याची खूण आहे, दुसरे 'असणे' या अर्थाचे मूळ क्रियापद. 'हॅड प्लांटेड', 'हॅड गॉन' म्हणताना कोणाला काही वाटत नाही. 'हॅव'वर तीच वेळ आली की कानाला खटकते इतकेच.

कधी अट कालची आणि परिणाम आजचा असतो. "तेव्हा इंग्रजी शिकलो असतो तर आज पुण्यात असतो." इथे मराठी स्वतःच फरक करते, पहिल्या भागात 'शिकलो असतो', दुसऱ्यात नुसते 'असतो'. इंग्रजीही तसेच करते: 'इफ आय हॅड लर्न्ड इंग्लिश देन, आय वुड बी इन पुणे टुडे.' इंग्रजी शिकवणारी पुस्तके 'इफ'च्या वाक्यांचे शून्य, पहिला, दुसरा आणि तिसरा असे प्रकार पाडतात. उजळणीला ते बरे असतात. पण तेच चौकटीसारखे पाठ केले, की असे अर्धे तिसऱ्या आणि अर्धे दुसऱ्या प्रकारातले वाक्य चुकीचे वाटू लागते. ते चुकीचे नाही. अटीची वेळ वेगळी, परिणामाची वेळ वेगळी. प्रत्येक अर्ध्याला आपापले रूप.

कानाला न दिसणारा 'हॅड'

'इफ आय वुड हॅव नोन' ही दुसरी नेहमीची चूक. दोन्हीकडे 'वुड हॅव' घालण्याचा मोह का होतो? मराठीत दोन्हीकडे 'असता' येते: 'कळलं असतं तर आलो असतो.' तोलाची दोन पारडी सारखी दिसतात, म्हणून इंग्रजीतही सारखी केली जातात. त्यात भर इंग्रजी सिनेमांची आणि व्हिडिओंची. बोलताना 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्ही आखडून 'आयड' असेच ऐकू येतात. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम.' यातला पहिला 'आयड' म्हणजे 'आय हॅड', दुसरा म्हणजे 'आय वुड'. कानाला दोन्ही एकच. ऐकून इंग्रजी शिकणाऱ्याला दोन्हीकडे 'वुड' वाटले तर नवल नाही. अमेरिकी बोलण्यात तर खुद्द इंग्रजी बोलणारेही 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी' म्हणताना सापडतात. लेखी इंग्रजीत ते अजूनही चूक धरले जाते. पेपर लिहिताना 'इफ'च्या बाजूला 'हॅड', दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव'.

भाव ठरवताना

परीक्षेबाहेर याचे काय? महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधीच्या पिढीने मराठी शाळेत ते पाचवीपासून शिकले. आज या दोन्ही पिढ्यांच्या फोनवर इंग्रजी मेसेज येतात. बँकेचे, कंपन्यांचे, माल घेणाऱ्यांचे.

समजा, माळशिरस किंवा सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब उत्पादकाला बाहेरच्या खरेदीदाराचा मेसेज आला: 'इफ यू गिव्ह अस ट्वेंटी टन्स, वी विल पे इन ॲडव्हान्स.' हा सरळ प्रस्ताव आहे. वीस टन द्या, आगाऊ पैसे देतो. आता तोच मेसेज असा आला: 'इफ यू गेव्ह अस ट्वेंटी टन्स, वी वुड पे इन ॲडव्हान्स.' इथे 'गेव्ह' म्हणजे 'दिले' नव्हे. खरेदीदार अजून चाचपणी करतो आहे. समजा असे झाले, तर आम्ही तसे करू शकू; बघू. बोलणी करताना इंग्रजी बोलणारे लोक मुद्दाम 'वुड' वापरतात, कारण त्यात शब्द अडकत नाही. मराठीत दोन्ही मेसेजचा अर्थ सांगताना आपण 'दिलंत तर देऊ' असेच म्हणून मोकळे होऊ, आणि नेमका मधला सावधपणा गळून जाईल. 'वुड' दिसले की लगेच गाडी भरायला घेऊ नये. आधी 'विल'मध्ये लिहून मागावे.

उधारीतही हेच. 'इफ आय गेट द मनी धिस वीक, आय विल पे यू' यात थोडीफार आशा आहे. 'इफ आय हॅड द मनी, आय वुड पे यू' हा गोड शब्दांतला नकार आहे.

मुलाखतीत प्रश्न येतो, 'तुम्ही या तालुक्याचे तहसीलदार असता तर वारीचे नियोजन कसे केले असते?' इंग्रजीत: 'इफ यू वेअर द तहसीलदार, हाऊ वुड यू मॅनेज द वारी?' विचारणाऱ्याने 'वुड' टाकले आहे, म्हणजे उत्तरही 'आय वुड'ने द्यायचे. 'आय विल' म्हटले तरी मुद्दा पोहोचतो, पण खुर्ची आधीच मिळाल्यासारखा सूर लागतो.

'इफ'पुढे 'विल' चालते तेव्हा

'इफ'शेजारी 'विल' कधीच नको, असे अनेक ठिकाणी ठासून सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. 'तू येणार असशील तर मी थांबतो' या मराठी वाक्यात 'येणार असशील' म्हणजे नुसते भविष्य नसून तुझी तयारी, तुझा इरादा. इंग्रजीतही तयारी किंवा विनंती असेल तर 'विल' येते: 'इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम.' म्हणजे तुमची थांबायची तयारी असेल तर. 'येणार असशील' असे मराठी मनात येत असेल, तर 'विल' किंवा 'आर गोइंग टु'ला मोकळीक आहे.

'आय डोंट नो इफ ही विल कम' हे तर वेगळेच 'इफ'. याचे मराठी 'तो येईल की नाही, माहीत नाही'. ही अट नाही, शंका आहे. इथे 'येईल' आहे, म्हणून 'विल' बरोबर.

'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच असते. 'पाणी सोडलं नाही तर पीक जळेल' याचे 'अनलेस दे डोंट रिलीज वॉटर' केले की 'नाही' दोनदा येते आणि अर्थ उलटतो; पाणी सोडले तर पीक जळेल असे काहीतरी होऊन बसते. 'अनलेस दे रिलीज वॉटर, द क्रॉप विल ड्राय अप' एवढेच पुरे. 'इफ नॉट' काढून 'अनलेस' वापरा, असा प्रश्न परीक्षेत आला की 'नॉट' खोडायला विसरणे हीच नेहमीची चूक असते.

आणि कर्जाच्या कागदपत्रांत 'इफ' कधीकधी दिसतच नाही. 'शुड द बॉरोअर फेल टु पे...' अशी ओळ सुरू होते. इथले 'शुड' उपदेशाचे नाही. 'इफ' गाळून क्रियापद पुढे आणण्याची ती जुनी कायदेशीर धाटणी आहे. 'हॅड आय नोन' हेही त्याच घडणीचे. त्या ओळीचा अर्थ 'कर्जदाराने हप्ता चुकवल्यास' असा आहे. कर्जदाराने हप्ता चुकवायला हवा, असे बँक म्हणत नाही.